आमची वाटचाल : कोपऱ्यातल्या हॉर्नपासून शांत अँप्लिफायरपर्यंत

घरगुती हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यातून आवाज मोठा करणारा स्पीकर, म्हटलं की पहिलं नाव क्लिप्शहॉर्नचं. पॉल क्लिप्शनं १९४६ साली अमेरिकेत कंपनी काढली ती या कोपऱ्यात बसणाऱ्या स्पीकरसाठी. असे स्पीकर बनवणाऱ्या आमचीही सुरुवात कोपऱ्यातल्या बेस (खालच्या सुरांच्या) हॉर्ननंच झाली. ५० हर्ट्झपर्यंत उतरायचं तर मोकळ्या जागेत २.२ मीटर व्यासाचं तोंड लागतं. खोलीचा कोपरा मिळाला की त्याच्या आठव्या हिश्श्याइतक्या क्षेत्रफळात भागतं. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात खिडकी. शेवटी तो नाद सोडला आणि पोर्टेड (हवेची नळी असलेल्या) बॉक्समध्ये १५ इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), वर ४०० हर्ट्झचा ट्रॅक्ट्रिक्स वक्राचा हॉर्न, ही जोडी कायम केली.

या हॉर्नचा घसा (जिथे आवाज काढणारा ड्रायव्हर बसतो ते अरुंद टोक) २५.४ मिमी, तोंड सुमारे २७ सेंमी, लांबी २८ सेंमीच्या थोडी वर. १८ मिमी मरीन प्लायच्या १६ चकत्या चिकटवून लेथवर कातायच्या. भरीव साग दिसतो देखणा, पण पावसाळ्यात आडवा फुगतो आणि घसा गोल राहत नाही. १८ म्हणून आलेली प्लाय साडेसतरा भरली तर १६ थरांत ८ मिमी गेले, म्हणून व्हर्निअरनं जाडी मोजल्याशिवाय चकत्यांचे व्यास काढायचे नाहीत. गोंद आतून ओला असेल तर लेथवर थर सुटतो. आणि ड्रायव्हर बसवल्यावर घशात बोट फिरवून बघायचंच: जोडाला पायरी राहिली किंवा गॅस्केट आत आलं की वरचे सूर खरखरतात.

क्रॉसओव्हर (जिथे वूफर थांबतो आणि हॉर्न सुरू होतो ती सीमा) १००० हर्ट्झला. एका वॉटला एक मीटरवर ड्रायव्हर १०७ डीबीचा, वूफर ९७ चा. म्हणजे १० डीबी उतरवायला ८ ओमच्या ड्रायव्हरला ५.६ ओम सिरीजमध्ये, ३.६ ओम पॅरललमध्ये; या रेझिस्टरच्या जोडीला पॅड म्हणतात. ड्रायव्हरचा डायफ्रॅम (कंप पावणारा पडदा) वूफरच्या व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) रेषेत आणला की हॉर्नचं तोंड बॉक्सच्या पुढे येतं. दिसायला खटकतं, पण तसंच ठेवा. जुळलं का ते बघायला हॉर्नच्या तारा उलट्या जोडून मोजा. १००० हर्ट्झवर खोल खड्डा पडला पाहिजे.

आता अँप्लिफायर, खरी डोकेदुखी. ३००बी व्हॉल्व्हचे ८ वॉट या स्पीकरवर ८७ डीबीच्या स्पीकरवरच्या ८० वॉटांइतके वाजतात, त्यामुळे ताकदीची चिंता नको. चिंता हिसची, म्हणजे सततच्या सूं आवाजाची. आउटपुटला १ मिलिव्होल्ट नॉइज म्हणजे उघड्या ड्रायव्हरवर एक मीटरला ३८ डीबी, पॅडनंतर २८. रात्री तोही जाणवतो. बाय-अँप करणारे (वूफर आणि हॉर्नला वेगळे अँप्लिफायर लावणारे) पॅड काढतात, त्यांना पूर्ण ३८ ऐकावे लागतात. शिवाय स्विच-ऑनच्या धक्क्यापासून वाचायला ड्रायव्हरच्या वाटेत ८० मायक्रोफॅरडच्या आसपासचा फिल्म कपॅसिटर हवाच.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे अँप्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते. डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल करणारं यंत्र) २ व्होल्ट देतो, अँप्लिफायर २६ डीबी वाढवतो, मग व्हॉल्यूम नॉब अगदी तळाशी राहतो, जिथे नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन चॅनल सारखे नसतात. २० डीबीच्या आतला गेन बरा. फीडबॅक नसलेल्या ३००बीचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडतानाचा अंतर्गत विरोध) २-३ ओम निघतो आणि बेस फुगतो. अशा गिऱ्हाइकाला आम्ही पोर्ट लांब करून ट्यूनिंग खाली आणून देतो.

ऑर्डर घेताना म्हणूनच आधी अँप्लिफायरचा गेन आणि इनपुट शॉर्ट करून मोजलेला नॉइज विचारतो. स्वस्तातल्या मल्टिमीटरवर मोजू नका. काहीशे हर्ट्झच्या पुढे त्याला धड काही कळत नाही, त्यात गुणगुण दिसते आणि हिस निसटते.