निळ्या पेंटखाली शिसम निघालं: काकांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचं काम

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमधनं नेमबाजीचं ब्राँझ आणलं आणि आमच्या पुतणीनं काकांची माळ्यावरची छर्ऱ्याची बंदूक खाली काढायला लावली. कुणीतरी दाराला मारायच्या निळ्या ऑइल पेंटनं अख्खी रंगवलेली, दस्ता, नळी, ट्रिगर गार्ड, सगळं. ही साधी ०.१७७ इंची छर्ऱ्याची एअर रायफल, शस्त्र नियम २०१६ प्रमाणे छर्ऱ्याचा जोर २० जूलच्या आतला असला की लायसन लागत नाही. खऱ्या काडतुसाची बंदूक असेल तर घरी खोलू नका, लायसनवाल्या कारागिराकडंच द्या.

जो तो म्हणत होता ग्राइंडर लाव आणि मोकळा हो. मी नाही लावला. जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतंय (घरच्या पेंटमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७ ला लागू झाली), कोरडं घासलं की ती धूळ नाकातोंडात जाणार, आणि मशीननं लाकूड जास्त खाल्लं तर लोखंडाशेजारी फट पडते ती परत भरून येत नाही. म्हणून गच्चीवर हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावला, पेंट सुरकुतून फुगला की बांबूच्या कामटीनं हळूहळू ओढला, नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश. निळ्याखाली रेड ऑक्साइडचं लाल अस्तर, त्याच्याखाली काळपट तपकिरी रेघांचं शिसम! असल्या लाकडावर पेंट मारायला हात कसा झाला माणसाचा, मला खरंच राग आला.

दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वर आणले, वाफेनं दबलेलं लाकूड फुगतंय. मग १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, रेघेच्या दिशेनंच, मधे ओलं फडकं फिरवायचं म्हणजे उभे राहिलेले तंतू पुढच्या पेपरनं निघतात. वर बॉइल्ड जवसाचं तेल, बोटानं चोळून पातळ हात, उरलेलं पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात नाही. पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात ते लवकर वाळत नाही, घाई करू नका, चिकट राहतंय. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

आतला हवा दाबणारा पिस्टन ढकलते ती स्प्रिंग खोलायला उद्यमनगरात लेथवाल्याकडनं क्लँप करून घेतला, कारण ती आत दाबूनच बसवलेली असते, नुसता पिन काढला तर तोंडावर येईल. पिस्टनचा चामड्याचा वॉशर कडक होऊन चिरलेला. तो सुभाषनगरच्या चपला करणाऱ्या एका मामांनी करून दिला. म्हणाले, "भिजवून साच्यात दाबायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलंस तर फुटतंय बघ." मापाचा साचा लेथवर काढून नेलेला, त्यांनी त्यावर चामडं अंगठ्यानं असं बसवलं की कडेला एक सुरकुती नाही. आत इंजिन ऑइल अजिबात सोडायचं नाही, दाबानं पेटतंय आणि वॉशर जातो.

नळीवरचा पेंटही रिमूव्हरनंच काढला, बारीक स्टील वूल, ॲसिटोननं पुसून कोल्ड ब्लू (लोखंड न तापवता काळपट निळं करायचं रसायन), शेवटी तेलाचा हात.

आता गच्चीत मागं मातीची पोती लावून, घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असेल तरच पुतणी कागदावर नेम धरते. रिकामी कधी उडवायची नाही, छर्रा नसला की पिस्टन सरळ जाऊन आदळतो, हे तिला पहिल्यांदा शिकवलं.