काउंटरवरचा आकडा

ड्युटीवर आलो की मी आधी यार्डात जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या टॅप चेंजरचा काउंटर बघतो. टॅप चेंजर म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीने कमीजास्त करणारा स्विच; एक पायरी म्हणजे एक टॅप. मागच्या पाळीत किती टॅप मारले, ते तिथे कळतं.

आमचं उपकेंद्र १३२/३३ केव्हीचं, म्हणजे १३२ हजार व्होल्ट घेऊन ३३ हजार करून पुढे देणारं. रब्बीत शेतीपंपांची थ्री फेज सुरू झाली की ३३चा बस (जिथून खालच्या लाइनी निघतात तो सामायिक वाहक) बघता बघता ३१वर येतो. लगेच खालच्या उपकेंद्रातून फोन : "साहेब, मोटरी उचलंनात, दोन टॅप वाढवा की!" मी शेतकऱ्याच्याच घरातला. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि ऐन पाण्याच्या पाळीत जळते, हे घरी भोगलंय. त्यामुळे फोन कधी टाळत नाही. पण माझा हात आधी कपॅसिटर बँकेच्या ब्रेकरकडे जातो. पंपांना लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (मोटरचं चुंबकीय क्षेत्र उभं ठेवणारी) टॅप तयार करत नाही, ती वरच्या लाइनवरून ओढून आणतो. १३२ची लाइन आधीच दबलेली असेल तर ती आणखी दबते. कपॅसिटर तीच पॉवर जागेवर पुरवतो. मग उरलेल्या फरकापुरता टॅप : एका टॅपला १.२५ टक्के, म्हणजे ३३ केव्हीवर साधारण ४०० व्होल्ट. रात्री पंप बंद झाले की बँक आठवणीने काढायची, नाहीतर व्होल्टेज ३५च्या वर जातं.

टॅप वाचवायची एवढी काळजी कशासाठी, ते डायव्हर्टर स्विच, म्हणजे टॅप चेंजरमधला करंट फिरवणारा भाग, उघडलेला पाहिला की पटतं. लोडवर टॅप बदलताना पापणी लवायच्या आत करंट एका कॉन्टॅक्टवरून दुसऱ्यावर जातो आणि ऑइलमध्ये ठिणगी पडते. आमचा जुन्या पद्धतीचा, ठिणगी बंद व्हॅक्यूम नळीत ठेवणारा नव्हे. गेल्या ओव्हरहॉलला ऑइल डांबरासारखं काळं निघालं, कॉन्टॅक्टची टोकं खाल्लेली. इतका मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि त्यात सतत हलणारा, झिजणारा भाग हाच.

म्हणून टॅपला हातच लावायचा नाही, असंही नाही. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कॉन्टॅक्टवर ऑइलचा कडक थर बसतो आणि पुढे तिथेच तापतं. परवाच्या आउटेजमध्ये ट्रान्सफॉर्मर बंद असताना आम्ही पाचव्या टॅपवरून १वर, १वरून १७वर आणि पुन्हा पाचव्यावर आलो. नव्या पोराला टॅप चेंजरच्या मोटरच्या आवाजाकडे कान द्यायला सांगितला. काउंटर ३२ने पुढे गेला. लॉगशीटवर त्यापुढे कारण त्याच्याच हाताने लिहून घेतलं.