नोटीस बोर्डावर १४४१६ चा कागद लावण्यासाठी केलेली धावपळ (माझा अनुभव)

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सगळं लागतं. एसटी पासची मुदत, स्कॉलरशिपच्या याद्या, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या जाहिराती, सापडलेली आयकार्डं. पण सारखी छाती धडधडत असेल, रात्ररात्र झोप लागत नसेल तर कुठं फोन करायचा हे सांगणारा एक साधा कागद लावायला आम्ही ऑगस्टात अर्ज दिला आणि तो कागद बोर्डावर गेला दिवाळीची सुट्टी संपल्यावर. अजून आठवलं तरी चिडचिड होते म्हणून लिहितेय, आणि सांगली-मिरजेत किंवा तासगाव, जतकडं कुणाला आपल्या कॉलेजात हे करायचं असेल तर त्यांच्या चपला कमी झिजाव्यात म्हणून पण. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

हे डोक्यात कुठून आलं तर आमच्या बॅचची एक मुलगी, रोज एसटीनं येणारी. प्रॅक्टिकल चालू असताना तिचे हात थरथरायला लागले, दम लागला, बाहेर येऊन जिन्यात बसली आणि म्हणाली मला अटॅक येतोय, घरी फोन करा. घरच्यांनी त्याच दिवशी ईसीजी काढला, नंतर रक्त, थायरॉईड, सगळं केलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे हिला काही झालंच नाही असं सगळ्यांनी धरलं, टेन्शन घेऊ नको म्हणून सांगितलं, आणि ती मात्र त्यानंतर कॉलेजच्या गेटातून आत यायलाच घाबरायला लागली. तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक आलेला भीतीचा झटका होता हे तिला फार उशिरा कळलं, ते पण १४४१६ वर बोलल्यावर. तिला विचारूनच एवढं लिहितेय.

१४४१६ म्हणजे टेली मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढं मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. एवढी सोय असून आमच्या वर्गात विचारलं तर हा नंबर जवळजवळ कुणालाच माहीत नव्हता. म्हणून ठरवलं, एक कागद लावायचा आणि एका डॉक्टरांचं तासाभराचं बोलणं ठेवायचं, बस.

डॉक्टर पहिल्याच फोनवर हो म्हणाले, मानधन नको म्हणाले. कागद ज्युनिअरच्या एका मुलीनं मोबाईलवर छान बनवून दिला. झेरॉक्सचे पैसे काढले. आणि इथून पुढं सगळं अडकलं.

अर्ज घेऊन ऑफिसात गेलो तर खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणाले हे एनएसएसमधून आलं पाहिजे. एनएसएसचे सर म्हणाले माझी काही हरकत नाही, पण विषय आरोग्याचा आहे तर हेल्थ कमिटीच्या मॅडमची सही आणा. मॅडम रजेवर. रजेवरून आल्यावर त्या म्हणाल्या प्राचार्यांनी हो म्हटलं की मी लगेच सही करते. आणि प्राचार्यांच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं की कमिटीच्या सहीशिवाय फाईल आत जाणार नाही. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची सही आधी हवी होती. केबिनबाहेरच्या बाकावर आम्ही किती बसलो असू, कधी आत संस्थेचे लोक, कधी परीक्षेचं काम, कधी सर मीटिंगला कोल्हापूरला. शिपाई मामाच बिचारे स्वतःहून सांगायचे, पोरींनो आज काही जमायचं नाही, उद्या साडेदहाला या, सर चहा घेत असतील तेवढ्यात विचारून बघा. शेवटी त्यांच्यामुळंच भेट झाली, मॅडमच्या सहीशिवाय.

प्राचार्य सरांनी अर्ज नीट वाचला. रागावले वगैरे नाहीत, उलट बसा म्हणाले. पण म्हणाले, "विषय चांगला आहे गं, पण असला कागद बोर्डावर दिसला की पालक विचारणार, तुमच्या कॉलेजात असं काय झालंय? ॲडमिशन चालू आहेत. आणि मुलांच्या डोक्यात जे नाही ते उगाच कशाला घालायचं?"

या शेवटच्या वाक्यावर मला आजही शांत बसवत नाही. आत्महत्येबद्दल किंवा मनाच्या त्रासाबद्दल विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय. आणि डोक्यात नाही असं कसं म्हणायचं? बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. म्हणजे आमच्या कॉलेजात येणाऱ्या मुलांपैकी काहीजण तो त्रास बारावीच्या आधीपासून घेऊनच आलेली असणार, आम्ही कागद लावला काय आणि नाही लावला काय.

अर्ज परत आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा होता, "पालकांचे संमतीपत्र घेऊन सादर करावे." मी एमएस्सीला आहे. मतदान करते, बँकेत स्वतःच्या सहीनं खातं चालवते. आणि नेमकं ज्या मुलांना घरी सांगता येत नाही त्यांच्यासाठीच तो नंबर होता, त्यांनी घरून सही आणायची कशी? हे सांगायला परत गेलो तर फाईल सापडेना. वर गेलीय, खाली आलीय, लिपिक ताईंच्या टेबलावर असेल, असं चालू. तेवढ्यात १० ऑक्टोबर आला, जागतिक मानसिक आरोग्य दिन, आणि आमचा कागद माझ्या बॅगेतल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तसाच. त्या दिवशी मी खरंच रडले, रागानं.

हे सुटलं ते मैत्रिणीच्या मामांमुळं, ते सांगलीच्या कोर्टात वकिली करतात. त्यांनी आमचा अर्ज वाचला आणि म्हणाले यात विनंती फार आहे, आधार काहीच नाही. मग त्यांनी सांगितलं की २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातल्या सगळ्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात. शाळा, कॉलेज, विद्यापीठ, कोचिंग क्लास, हॉस्टेल, सगळे त्यात आले. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की टेली मानससारखे हेल्पलाइन नंबर हॉस्टेल, वर्ग, सगळ्यांच्या वावराच्या जागा आणि वेबसाइटवर मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरात लावायचे. म्हणजे जे लावणं कॉलेजचंच काम होतं त्याची परवानगी आम्ही मागत फिरत होतो!

सुट्टीनंतर नवीन अर्ज केला, एकच पान. "परवानगी मिळावी" हे काढून टाकलं आणि "सदर सूचनांनुसार हेल्पलाइन क्रमांक लावण्यात यावेत, कागद आम्ही तयार करून देत आहोत" असं लिहिलं, सोबत निकालातल्या त्या पानाची झेरॉक्स, ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून. सरांनी ते पान वाचलं, परत वाचलं, भाऊसाहेबांना आत बोलावलं आणि म्हणाले, सगळ्या मजल्यांवर लावा, लेडीज हॉस्टेलला पण द्या. सरांचं हे मात्र मान्य करते की एकदा पटल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं नाही, लेक्चरसाठी सेमिनार हॉल पण लगेच दिला. बाहेर आल्यावर आम्ही मामांना पेढे दिले.

एक गोष्ट वर राहिली, अर्ज दिला की आवक नंबर आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायचाच. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी तिथंच उभं राहायचं. नंबर असला की फाईल कुठंय हे त्यांना सांगावंच लागतं.

लेक्चरच्या वेळी अजून एक घोळ होता होता राहिला. आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कमिटीकडून निरोप आला की नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाईलसाठी जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो आणि सह्यांची हजेरी पाहिजे. मी सरळ नाही म्हटलं. या विषयाच्या कार्यक्रमाला नाव, रोल नंबर, सही मागितली तर ज्याला खरंच गरज आहे तो दारातनंच परत जाणार. मग असं ठरवलं की फोटो मागच्या बाजूनं, फक्त स्टेज आणि डॉक्टर दिसतील असे, आणि हजेरी म्हणजे मॅडमनी लिहिलेला नुसता आकडा. चाललं ते त्यांना. कुणी हजेरीसाठी अडून बसलं तर हे सुचवा.

प्रश्न तोंडी विचारायला लावायचे नाहीत. आम्ही दारात बुटाचं खोकं ठेवलं होतं, चिठ्ठ्या टाकायला. डॉक्टर म्हणाले भाषण राहू दे, चिठ्ठ्याच वाचतो. एक चिठ्ठी तर एसटीच्या तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेली होती, "पेपर हातात आला की सगळं विसरतं, हात गार पडतात, मी मरणार असं वाटतं, हे हार्टचं आहे का?" डॉक्टरांनी सावकाश समजावलं. एकदा तपासून हृदय, थायरॉईड ठीक आहे हे बघून घ्यायचं. ते ठीक असेल तर हा शरीराचा धोक्याचा इशाराच आहे, फक्त धोका नसताना वाजलेला. ॲड्रेनलिन वाढतं म्हणून धडधड, घाम, धाप. साधारण दहा मिनिटांत तो त्रास टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, त्यानं माणूस मरत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. आणि जिथं त्रास झाला ती जागा टाळत गेलं की भीती कमी न होता वाढते, हे ऐकून मला आमच्या त्या मैत्रिणीचं गेट आठवलं.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का, हे खूप जणांनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, बोलून करायची उपचारपद्धती, सीबीटी, चिंतेवर चांगली लागू पडते. गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, बहुतेकांच्या गोळ्या पुढं डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद करता येतात, पण आपल्या मनानं एकदम सोडायच्या नाहीत. आणि मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणून खाणं, हे मात्र अजिबात करायचं नाही, त्यांची सवय लागते.

सगळ्यात जड चिठ्ठी ही होती, "घरी सांगितलं तर शिक्षण बंद करून लग्न लावतील." हॉलमध्ये कुणी हललं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अठरा पूर्ण असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे असेल तरच अपवाद. तुम्ही एकट्या येऊ शकता. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, केस पेपर काढताना फक्त विभागाचं नाव सांगायचं, कारण खिडकीवर सांगायची गरज नाही.

कागद कुठं लावायचा याबद्दल पण सांगते. मेन बोर्डासमोर उभं राहून कुणी हा नंबर लिहून घेत नाही, चार जण बघत असतात. आम्ही मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही बाथरूमच्या दारांना आतून लावला, खाली नंबरच्या कापलेल्या पट्ट्या ठेवून, एक फाडून खिशात टाकता येईल अशा. बाथरूममधल्या पट्ट्या संपत राहतात, बोर्डावरच्या तशाच आहेत. आणि नंबर सगळ्यात मोठा ठेवा, बाकी सुविचार, फुलं, सूर्योदय काही नको.

आता दुसरा अर्ज दिलाय. त्याच निकालात आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक पाहिजे, आमच्याकडं एका तुकडीतच तेवढी मुलं आहेत. पद मंजूर नाही, संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवू, असं उत्तर मिळालंय. मीटिंगची तारीख लेखी द्या म्हणून मी सोमवारी परत जाणार आहे, आवक नंबर हातात आहे.