नोंद ४: ३८ पिना, तीन सिम्बॉल आणि एक खोटा ग्राउंड

गच्चीवरच्या टाकीचा कंट्रोलर मागच्या नोंदीत ‘पीसीबी आले, उद्या सोल्डरिंग’ इथवर आला होता. सोल्डरिंग झालं. पीसीबी (मी आखलेली छापील सर्किटची पाटी) चालला नाही. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. आई अजून जिन्यावरूनच ओरडून विचारते, टाकी भरली का.

लक्षण असं: ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर चिप) चा ३८ पिनांचा बोर्ड नुसता यूएसबीवर लावला की मुकाट बूट होतो. तोच माझ्या पीसीबीवरच्या फीमेल हेडरमध्ये बसवला की सीरियल मॉनिटरवर (बोर्डचे संदेश दिसतात तिथे) फ्लॅश रीड एरर, म्हणजे प्रोग्राम साठवणारी मेमरीच वाचता येत नाही, रीसेट, परत तेच. आधी संशय जीपीआयओ १२ वर (चिपच्या इनपुट-आउटपुट पिनांपैकी एक) गेला. बूटच्या क्षणी ही पिन हाय असली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायला जाते, आणि या मॉड्यूलची फ्लॅश असते ३.३ ची. फ्लोट स्विचचा (पाण्याची पातळी कळवणारा तरंगता स्विच) पुलअप, म्हणजे पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर, चुकून तिथे दिला असेन म्हणून पाहिलं, तर तो १३ वर होता. रिले काढला, बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारा) काढला. शेवटी पीसीबीवर नुसते हेडर उरले, तरी रडगाणं तेच.

मग बोर्ड उपसला, मल्टिमीटर बझरवर ठेवला आणि ग्राउंड धरून एकेक पिन टोचत गेले. अँटेना वर धरली तर मोकळ्या बोर्डवर तीन ग्राउंड वाजतात: डावीकडे चौदावी पिन, उजवीकडे पहिली आणि सातवी. माझ्या पीसीबीवर चार वाजले. चौथा डाव्या रांगेत खालून दुसरा, ५ व्होल्टच्या शेजारी.

तिथे ग्राउंड नाहीच. ती सीएमडी, म्हणजे जीपीआयओ ११. मॉड्यूलच्या पोटातल्या फ्लॅशची चिप सिलेक्ट, तिच्याशी बोलणं सुरू-बंद करणारी पिन. मी ती कायमची जमिनीला बांधून ठेवली होती, मग फ्लॅश वाचली जाणार कशी! सर्किट आखायच्या किकॅड या सॉफ्टवेअरसाठी उतरवून घेतलेल्या सिम्बॉलमध्ये, म्हणजे बोर्डच्या पिनांच्या आकृतीत, त्या पिनेचं नाव सरळ जीएनडी लिहिलेलं होतं. करणाऱ्याला दोष देववत नाही. बोर्डवरची बारीक छपाई इंग्रजीत, दोन्ही नावं तीन अक्षरी, शेवटचं अक्षर एकच. आणि पाच व्होल्टशेजारी ग्राउंड असणारच, असं मलाही वाटलंच की.

दुरुस्ती: खालच्या बाजूने त्या पॅडच्या थर्मल रिलीफच्या (पॅडला ग्राउंडच्या तांब्याशी जोडणाऱ्या) चारही काड्या ब्लेडने कापल्या. बझर तरीही वाजला. वरच्या लेयरलाही ग्राउंडचा पोर (तांब्याचा पसरलेला थर) आहे आणि तिथल्या काड्या हेडरच्या प्लास्टिकखाली. शेवटी तो एकच कॉन्टॅक्ट डिसोल्डर करून हेडरमधून चिमट्याने ओढून काढला. पहिल्या फटक्यात बूट.

एवढं झाल्यावर किकॅडसाठी गोळा केलेली तिन्ही सिम्बॉल शेजारी ठेवून बघायचं ठरवलं. सिम्बॉलची फाइल साधी टेक्स्ट असते, त्यामुळे पायथनच्या दहाबारा ओळींत पिन क्रमांक आणि नावं काढून शीटमध्ये टाकली. पहिलं वर सांगितलेलं. तिसरं ३० पिनांच्या बोर्डचं, ते वेगळंच प्रकरण: फ्लॅशच्या सहा पिना, ६ ते ११, बाहेर आणलेल्याच नाहीत (माझ्यासारखीसाठी उत्तम), जीपीआयओ शून्यही नाही, आणि ३.३ व्होल्ट डावीकडे वर असण्याऐवजी उजवीकडे तळाला.

खरी गंमत दुसऱ्यात. त्यातली सगळी नावं बरोबर आहेत. फक्त उजवी रांग वरून खाली २० ते ३८ मोजली आहे. पहिल्याच्या फूटप्रिंटमध्ये (पीसीबीवरच्या पॅडच्या नकाशात) आयसीसारखं मोजलंय, डावीकडून खाली उतरायचं आणि उजवीकडून वर चढायचं, म्हणजे तिथे २० तळाला येतो. याचं सिम्बॉल आणि त्याचं फूटप्रिंट जोडलं की उजवी रांग अख्खी उलटी: वरच्या कोपऱ्यातला ग्राउंड जाऊन बसतो तळाच्या सीएलके पिनेवर. म्हणजे पुन्हा फ्लॅशच. ईआरसी (सर्किटची तपासणी) गप्प, डीआरसी (पीसीबीच्या आखणीची तपासणी) गप्प. किकॅड फक्त क्रमांकाला क्रमांक जुळवतं. टेबलावरचा बोर्ड त्याने कुठे पाहिलाय! नावं दुरुस्त आहेत म्हणून मी पुढच्या वेळी हेच सिम्बॉल जुन्या फूटप्रिंटला जोडणार होते.

म्हणून आता स्वतःचं सिम्बॉल केलंय. एक ते अडतीस ही भानगडच नको. पॅडना एल१ ते एल१९ आणि आर१ ते आर१९ अशी नावं, दोन्हीकडे वरून खाली. फ्लॅशच्या सहा पिनांचा प्रकार ‘अनकनेक्टेड’ ठेवला, तार लावली की ईआरसी ओरडतं. ३४, ३५, ३६, ३९ ‘इनपुट’. त्यांना आतले पुलअप नसतात, म्हणून तिथे फ्लोट स्विच लावायचा तर बाहेरून १० के द्यायचा, हेही सिम्बॉलमध्येच लिहून ठेवलं.

रुंदीचा घोळ राहिलाच होता. माझ्याकडच्या ३८ पिनांच्या दोन बोर्डांत रांगांमधलं अंतर एकाचं २२.८६ मिमी, दुसऱ्याचं २५.४. (ब्रेडबोर्डवर पहिला दोन्ही बाजूंना एकेक भोक मोकळं सोडतो, दुसरा एकाच बाजूला.) फूटप्रिंटमध्ये उजवी रांग दोनदा काढली, २.५४ च्या अंतराने, पॅडना तीच नावं. एकास एक प्रिंट थर्माकोलवर ठेवून दोन्ही बोर्ड खुपसून पाहिले; दोन्ही बसतात.

गर्बर (पीसीबी बनवून घ्यायच्या फाइली) अजून पाठवलेल्या नाहीत. ५ व्होल्टच्या पिनेवर अडलेय. यूएसबी लावली की ती आउटपुट, बक कन्व्हर्टर लावला की इनपुट. ‘पॉवर आउटपुट’ केली तर कन्व्हर्टरच्या आउटपुटशी भांडते. ‘पॉवर इनपुट’ केली तर कन्व्हर्टर नसलेल्या पीसीबीवर पॉवर फ्लॅग (इथे वीज येते अशी खूण) मागते. सध्या ‘पॅसिव्ह’ करून तोंड बंद केलंय, पण ते काही पटत नाही.