ग्रीसची दोनच बेटं, दोन पोरं आणि सासूबाई

आधी आमचं कसं ठरलं ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली होती, ११ रात्री आणि त्यात अथेन्स, मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी. नकाशावर ही सगळी बेटं अशी चिकटून दिसतात की वाटतं नाश्ता इथे करू आणि जेवायला तिथे जाऊ. मी फक्त एवढं विचारलं की बॅगा किती वेळा भरायच्या, आणि चार वर्षांच्या पोरीला आणि गुडघेदुखीवाल्या आईंना (म्हणजे सासूबाईंना) घेऊन बंदरावर किती वेळा उभं राहायचं. मोजलं तर पाच. मग मिकोनोस आणि पारोस उडवलं आणि फक्त नॅक्सोस आणि सँटोरिनी ठेवलं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर डोळे झाकून हेच करा. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, बोट भले दोनच तासांची असू दे.

आम्ही नागपूरचे, त्यामुळे एक फायदा होतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा जूनचे पहिले दोन आठवडे आम्हाला मिळतात आणि तिकडे तेव्हा गर्दी अजून चढलेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, भाव आणि वारा तिन्ही वाढतात. वाऱ्याचं पुढे सांगते, त्यानेच आमची एक रात्र खाल्ली.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो, मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना फुकट, वर व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपल्सरी आहे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही म्हणून मार्चमध्येच हात धुवून मागे लागा.

अथेन्स एअरपोर्टवरून मेट्रो थेट पिरियसला जाते, गाडी बदलायची गरज नाही, साधारण तासभर लागतो आणि मोठ्यांचं तिकीट ९ युरो. पिरियस म्हणजे अथेन्सचं बंदर, बेटांच्या बोटी बहुतेक इथूनच सुटतात. मेट्रोत पाकीटमार असतात हे सगळे सांगतात ते खरं आहे, बॅग पुढे धरा. पहिली रात्र आम्ही अथेन्समध्ये न जाता पिरियसलाच काढली कारण सकाळी साडेसातची बोट होती. बंदर प्रचंड मोठं आहे, तुमचा गेट नंबर आदल्या दिवशीच बघून ठेवा, सकाळी बॅगा ओढत शोधायला लागलात तर घाम फुटेल.

आता बोट. मोठी बोट घ्या, हळू जाणारी. जलद कॅटमरान बोटीचं तिकीट महाग असतं, त्यात बाहेर डेकवर उभं राहता येत नाही आणि वारा सुटला की सगळ्यात आधी तीच कॅन्सल होते. मोठी बोट नॅक्सोसला साडेपाच तास घेते पण त्यात कॅन्टीन आहे, डेक आहे, पोरं पळू शकतात. पाच वर्षांखालच्यांना तिकीट फुकट असतं पण तिकीट काढावं लागतंच, शून्य रुपयाचं का होईना, त्याशिवाय चढू देत नाहीत. पाच ते दहा वर्षांना अर्धं.

चढल्यावर बॅगा खाली गाड्यांच्या गॅरेजमध्येच ठेवायच्या असतात, तिथे रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात. नवऱ्याने घाईत एक बॅग सँटोरिनीच्या रॅकवर टाकली. उतरायची वेळ आली तेव्हा सगळी पब्लिक जिन्याने खाली त्या गॅरेजमध्ये येऊन उभी, ट्रक आणि कारच्या मध्ये, डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखड आवाज, आणि बोट अजून थांबलेली पण नसते तर मागचा भलामोठा दरवाजा खाली यायला लागतो आणि त्या फटीतून एकदम पांढरं ऊन आत येतं. धाकटीने माझा हात इतका घट्ट धरला होता. आणि त्यात नवरा उलट्या दिशेने बॅग शोधतोय. बोट पाच-दहा मिनिटंच थांबते, कोणासाठी खोळंबत नाही. मिळाली शेवटी, एका फ्रेंच आजोबांच्या सुटकेसच्या खाली. तर रॅक वाचून बॅग ठेवा एवढंच सांगायचंय.

नॅक्सोस हे सायक्लेडीज नावाच्या या बेटांच्या समूहातलं सगळ्यात मोठं बेट. बोटीतूनच ते दगडी दार दिसतं, पोर्तारा, समुद्राकडे तोंड करून नुसती एक चौकट उभी, सहा मीटर उंच संगमरवराची, मागे देऊळ नाही, काही नाही. अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं होतं इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, राजवट पडली आणि काम राहिलं ते राहिलंच. पुढे व्हेनिसच्या लोकांनी तिथले दगड उचलून वरचा किल्ला बांधला, पण ही चौकट इतकी जड की कोणाला हलवता आली नाही. संध्याकाळी अख्खं गाव तिथे सूर्यास्त बघायला येतं. फुकट आहे आणि सँटोरिनीच्या सूर्यास्तापेक्षा मला तरी हा जास्त आवडला.

राहायला आम्ही सेंट जॉर्ज बीचजवळ (तिकडे अगिओस योर्गिओस म्हणतात) दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं होतं, गावातून चालत दहा मिनिटं. पाणी इतकं उथळ की धाकटी पन्नास पावलं आत गेली तरी कमरेपर्यंतच. जूनमध्ये पाणी गार असतं बरं का, पहिल्या दिवशी सगळे किंचाळले. अगिओस प्रोकोपिओस आणि प्लाका बीच जास्त सुंदर आहेत, बस जाते, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. छत्री-खुर्चीचे पैसे लागतात, वाळूवर स्वतःचा पंचा टाकून बसलात तर नाही.

एक दिवस कार घेतली. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या, आणि ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर खूप आधी बुक करा कारण तिकडे बहुतेक गाड्या गिअरच्या. स्टिअरिंग डावीकडे, इंडिकेटरची दांडी पण उलट बाजूला, त्यामुळे नवरा प्रत्येक वळणावर वायपर चालू करायचा. कडकडीत उन्हात वायपर. पोरं मागे बसून मोजत होती, परत येईपर्यंत २३ झाले. हाल्की गावात थांबलो, तिथे किट्रॉनची लिकर बनवतात, मोठ्या लिंबासारख्या फळाच्या झाडाच्या पानांपासून. मग अपेरांथोस, तिथले रस्ते पण संगमरवराचे, चप्पल घसरते, आईंना स्पोर्ट शूज घाला. आणि एकदम उत्तरेला अपोलोनास, तिथे जुन्या खाणीत एक दहा मीटरहून लांब पुतळा आडवा पडलाय, अडीच हजार वर्षांपेक्षा जास्त काळ, अर्धवट कोरलेला, दाढी कळते, पाय कळतात. आमचा नऊ वर्षांचा म्हणाला, देऊळ पण अर्धवट, पुतळा पण अर्धवट, यांचे पण कॉन्ट्रॅक्टर पळून गेले वाटतं. नागपूरच्या पोराला हेच सुचणार.

खाण्याचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आम्ही शाकाहारी आहोत, नवरा अंडं खातो. मी ठेपले, मेतकूट, सगळं बांधून नेलं होतं आणि अर्धं परत आणलं. एक शब्द पाठ करा, निस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. त्यांच्या चर्चचे उपास असतात त्यात मटण-अंडी-दूध काही चालत नाही, त्यामुळे हा शब्द कोणत्याही खानावळीत लगेच कळतो, व्हेजिटेरियन म्हटलं तर कधी कधी मासे आणून ठेवतात. फक्त आपल्या साबुदाण्याशी त्याचा काही संबंध नाही हे आईंना समजवायला दोन दिवस गेले. आणि कोळंबी, कालवं त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या! गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, गिगांतेस म्हणजे टपोरे पांढरे वाल टोमॅटोच्या रश्श्यात, सकाळी बेकरीत स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि चीज भरलेला पापुद्र्यांचा पॅटिस. नॅक्सोसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध आहेत, पोरं पाच दिवस त्याच्या फ्राईजवरच जगली असं समजा. तिखट मात्र कुठेच नाही, सुकी लाल चटणी सोबत ठेवा. ब्रेड न मागता टेबलवर येतो आणि बिलात लागतो. उलट शेवटी काहीतरी गोड किंवा फळं बऱ्याचदा फुकट आणून देतात.

आणि फावा. पिवळी घोटलेली डाळ, वरून कांदा आणि ऑलिव्ह ऑईल. आईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "अवं, हे तं लाखोळीचं वरण आहे!" त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांधीत लाखोळी पेरतात तिकडे. मला वाटलं उगाच काहीतरी. रात्री खोलीवर शोधलं तर सँटोरिनीचा फावा खरंच लॅथायरस कुळातला निघाला, लाखोळीची सख्खी चुलत बहीण. त्यानंतर प्रत्येक हॉटेलात फावा यायचा आणि प्रत्येक वेळी मीठ कमी, लसूण नाही, फोडणी नाही अशी तपासणी व्हायची.

आता वारा. उत्तरेकडून वारा सुटतो, उन्हाळ्यातल्या वाऱ्याला ते मेल्तेमी म्हणतात, जोर जुलै-ऑगस्टमध्ये पण आम्हाला जूनमध्येच तडाखा बसला. नॅक्सोस ते सँटोरिनी आम्ही जलद बोट घेतली होती (हो, वर दिलेला सल्ला अनुभवातून आलाय), सकाळी मेसेज आला कॅन्सल. आभाळ निळंशार, ऊन कडक, पण समुद्र पांढरा झालेला. तिकिटाचे पैसे परत मिळाले, दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या बोटीत जागा पण मिळाली, पण सँटोरिनीच्या हॉटेलची पहिली रात्र नॉन-रिफंडेबल होती ती गेली. मालकाला फोन केला, तो गोड बोलला आणि पैसे काही दिले नाहीत. चूक आमचीच. पाच-दहा युरो जास्त गेले तरी कॅन्सल होणारं बुकिंग घ्या. आणि बेटावरून परतीची बोट आणि भारताचं विमान एकाच दिवशी कधीच ठेवू नका, शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. त्या बोटीत आईंना अ‍ॅव्होमिन दिली होती, त्या झोपल्या, बाकी अर्धी बोट पिशव्या घेऊन बसली होती.

सँटोरिनीत तीन रात्रींच्या झाल्या दोन आणि खरं सांगू, पुरल्या. बोटीतून येताना तो कडा दिसतो, काळा-लाल-राखाडी थर आणि वर पांढरी घरं म्हणजे लांबून बर्फ पडल्यासारखी, तेव्हा कोणीच बोलत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून मधलं बेट खाली बसलं, त्या खड्ड्यात समुद्र भरला आणि आपली बोट त्यातूनच जाते. पण इया गावात सूर्यास्ताला जी गर्दी असते ती आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या दिवसांत सीताबर्डीला असते तशी. पायऱ्याच पायऱ्या, स्ट्रोलर विसरा. आम्ही पिर्गोस गावातून सूर्यास्त पाहिला, वर चढावं लागतं पण बसायला जागा मिळते. राहायला कामारीला होतो, काळ्या वाळूचा बीच, दुपारी ती वाळू तव्यासारखी तापते, चप्पल पाण्याच्या कडेपर्यंत न्या. बस सगळ्या फिरा या मुख्य गावाच्या स्टँडवरूनच बदलाव्या लागतात. तिथला कडा चढायला-उतरायला गाढवावर बसायचा आग्रह होतो, आम्ही केबल कारने गेलो, उन्हात त्या जनावरांकडे बघवत नाही.

अक्रोतिरी चुकवू नका. राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून खोदतायत, दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटारं, आणि वर छप्पर आहे त्यामुळे भर दुपारी पण जाता येतं. माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत, म्हणजे लोक आधीच सावध होऊन निघाले असावेत. तिथली काही चित्रं फिराच्या म्युझियममध्ये आहेत, त्यात निळी माकडं आहेत, आणि काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की शेपटीच्या ठेवणीवरून ती आपल्याकडची वानरं आहेत, सगळ्यांना ते पटलेलं नाही. आईंना लगेच पटलं.

सुटं सुटं आठवतंय ते: टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, पाईप बारीक असतात. जेट स्प्रे कुठेच नाही, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, कोणी हसत नाही. सँटोरिनीत नळाचं पाणी पिऊ नका. हॉटेलवर रात्रीमागे खोलीचा वेगळा टॅक्स लागतो, तीन स्टारला ५ युरो, तो बुकिंगच्या रकमेत बहुतेक धरलेला नसतो आणि चेक-इनला मागतात. दुपारी तीन ते साडेपाच गावं झोपतात, त्या वेळात आपणही झोपलेलं बरं, रात्रीचं जेवण तिकडे नऊनंतरच सुरू होतं.

फावा पर्यटकांच्या दुकानात घेऊ नका, सुपरमार्केटमध्ये घ्या, तरी सँटोरिनीचा अस्सल महागच असतो. आईंनी दोन पाकिटं आणली. वरण झालं मस्त, लसणाची फोडणी आणि वर कच्चं जवसाचं तेल. वडे मात्र जमले नाहीत, डाळ फार मऊ आहे, तेलात सगळे फुटले.