३, ६, ९ आणि स्टार्ट

मी डोंबिवलीत घरी जाऊन मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन रिपेअर करतो. पावसाळ्यात मायक्रोवेव्हचे कॉल वाढतात आणि तक्रार ठरलेली, पॅनल गेलंय. पण परवा एका काकांचा फोन आला, म्हणाले उजवीकडची उभी रांग मेलीय, ३, ६, ९ आणि स्टार्ट, बाकीची बटणं बीप देतायत. मी म्हटलं हे आपल्या लाइनीतलेच दिसतात.

गेलो तर काकांना दिसत नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. पॅनल एकदम सपाट, हाताला काहीच लागत नाही, म्हणून काकूंनी बटणांवर नेलपॉलिशचे टपोरे ठिपके दिलेले (कंपन्यांना हे का सुचत नाही देव जाणे). आधी एकजण येऊन गेला होता, त्याने न उघडताच पूर्ण पॅनल बदला सांगितलं.

आता या कीपॅडमधे प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या उभ्या लाइनी असतात आणि बटण दाबलं की एक आडवी एका उभीला टेकते, त्यामुळे एकाच रांगेची चारही बटणं एकदम गेली म्हणजे बटणं बरी आहेत, त्यांची कॉमन लाइन कुठेतरी तुटलीय. काकांनी फॉल्ट फोनवरच अर्धा शोधून दिला होता.

प्लग काढला, कव्हर उघडून आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला. हे सांगतोच, प्लग काढला तरी त्यात जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो, यूट्यूब बघून घरी उघडू नका. मग कीपॅडची रिबन (बोर्डाला जोडणारी चपटी प्लास्टिकची पट्टी) काढून मीटर लावला, काका एकेक बटण दाबतायत आणि मी पिना बघतोय. जिथे रिबन दुमडून कनेक्टरकडे वळते तिथेच एक ट्रॅक, म्हणजे तीच कॉमन लाइन, केसासारखा तडकलेला. तिथे सोल्डर चालत नाही, प्लास्टिक वितळतं, म्हणून कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंटचा बारीक पट्टा ओढला, पूर्ण वाळू दिला, वर टेप.

सगळं बंद करून आत पाण्याचा ग्लास ठेवला. काकांनी ३, ६, ९ दाबलं, बीप मोजले, मग स्टार्ट. "९ जरा उशिरा बोलतंय," म्हणाले. मला तर काही फरक कळला नाही.

संध्याकाळच्या पुढच्या कॉलला मी मुद्दाम फोनवर विचारलं, नक्की कुठली बटणं चालत नाहीत? ताई म्हणाल्या, अहो पॅनलच गेलंय.