हजारातला एक भाग

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलने, तलावपाळीवरून निघालेल्या प्रभातफेऱ्या आणि गडकरी रंगायतनातील बक्षीस समारंभ यांवर इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितील, याची मला खात्री आहे. मी मात्र शाळेने मला दिलेल्या एकाच विषयावर लिहिणार आहे, आणि तो विषय म्हणजे बंदुकीच्या गोळीची फिरकी.

नववीत छात्रसेनेच्या ज्युनिअर डिव्हिजनमध्ये आम्हाला पॉइंट टू-टू रायफल हाताळायला मिळाली. नेमबाजीपेक्षा मला रायफल साफ करण्याचे काम अधिक आवडे. साफसफाईचा गज नळीत ढकलला की टोकाची घट्ट चिंधी आट्यांना धरून वळत पुढे जाई आणि ते वळणे तळहाताला जाणवे. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली की पोलादात कोरलेले आटे लांबट वळसा घेत दूरवर गेलेले दिसत. या रायफलींच्या नळीचा पीळ साधारणपणे १६ इंचांना एक, म्हणजे ४०६ मिलिमीटर अंतरात एक पूर्ण वेढा, असा असतो.

हे आटे कशासाठी, याचे उत्तर तेव्हा ‘गोळी सरळ जावी म्हणून’ एवढेच मिळाले होते. खरे उत्तर बारावीच्या वर्गात, शाळेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मिळाले. लांबट गोळीवर हवेचा जोर तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला पडतो, त्यामुळे हवा तिला सतत उलटवू पाहते. न फिरणारी गोळी नळीबाहेर पडताच कोलांट्या घेऊ लागते. फिरणाऱ्या गोळीच्या बाबतीत मात्र तोच उलटवणारा जोर तिचे नाक बाजूला वळवतो, आणि कललेला भोवरा पडण्याऐवजी झुलत राहतो तसे ते नाक प्रवासाच्या दिशेभोवती लहान वर्तुळे काढत राहते.

त्यानंतर सरांनी फळ्यावर आकडे मांडले. गोळीचे वस्तुमान २.६ ग्रॅम, व्यास ५.७ मिलिमीटर, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. वेगाला पिळाच्या अंतराने भागले की सेकंदाला सुमारे ८१० फेरे येतात, म्हणजे मिनिटाला ४८ हजारांहून अधिक. हा आकडा पाहून फिरण्याची ऊर्जाही अशीच डोळे दिपवणारी असणार, असे वर्गाने गृहीतच धरले होते. गोळी भरीव दंडगोल आहे असे मानून मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरण्याच्या बाबतीतले तिचे जडत्व, काढला, तेव्हा पुढे जाण्याची ऊर्जा सुमारे १४० जूल निघाली आणि फिरण्याची अवघी ०.१४ जूल. हजारातला एक भाग! गोळीचे नाक निमुळते असल्याने प्रत्यक्षात तो याहूनही थोडा कमीच भरतो. सगळे वस्तुमान अक्षापासून तीन मिलिमीटरच्या आत असल्याने गोळीचा पृष्ठभाग फिरतो तो सेकंदाला जेमतेम १५ मीटर वेगाने.

सरांचा खरा आग्रह पुढच्या पायरीचा होता. दोन्ही ऊर्जांचे गुणोत्तर अक्षरांतच मांडले की वस्तुमान आणि वेग दोन्ही कटून जातात, आणि उरते ते केवळ गोळीच्या त्रिज्येचे पिळाच्या अंतराशी असलेले प्रमाण. काडतूस कितीही जोरदार असो, नळी तीच असेल तर हा वाटा बदलत नाही. छात्रसेनेच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी जाड आणि पीळ दहा इंचांना एक, तोही डावा. म्हणून तिथे वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो. गोळीला स्थिर ठेवण्याचे काम ऊर्जेच्या वाट्यावर ठरत नाही. हवेच्या उलटवणाऱ्या जोरापुढे तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा नेट, पुरेसा आहे की नाही, यावर ते ठरते.

गोळी फिरत असल्यामुळे गिरमिटासारखी भोक पाडत जाते, ही समजूत मी पुढे शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही ऐकली, आणि ती इतकी चिवट का आहे हे मला कधीच उमगले नाही. दोन सेंटिमीटर जाडीची फळी पार करताना आमची ती गोळी एका फेऱ्याचा विसावा भाग, म्हणजे १८ अंशांच्या आसपासच वळते. भोक पडते ते पुढे जाण्याच्या वेगामुळे.

पीळ १६ इंचांचाच का, हा प्रश्न तासाच्या शेवटी कोणीतरी विचारला. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तोफखान्यासाठी दिलेले सूत्र सरांनी सांगितले: गोळीच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १५० ने गुणायचे आणि गोळीच्या लांबीने भागायचे. गोळी जितकी लांब तितका पीळ आखूड हवा, हे त्यातून उघडच दिसते. लांबी सुमारे १२ मिलिमीटर धरून आम्ही वहीतच भागाकार केला, आणि उत्तर आले ४०६ मिलिमीटर.